लग्नाच्या कॅसेटीतील लुकलुक : आरोपी, साक्षीदार आणि उपाय

घरातील जुनी व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवून घेतली की चित्रातला उजेड आपल्याच मर्जीने कमीजास्त होताना दिसतो. नवरीचा चेहरा क्षणात उजळतो, क्षणात काळवंडतो आणि मागची भिंत संपूर्ण मंगलाष्टकाभर लुकलुकत राहते. फ्लिकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषाचे खापर जवळजवळ प्रत्येक घरात कॅसेटीच्या माथी फोडले जाते, कारण कॅसेट जुनी असते, समोर असते आणि तिला उलट बोलता येत नाही. वस्तुतः या प्रकरणातील संशयितांची यादी बरीच लांब असून तीत विजेचा पुरवठा, मांडवातला जनरेटर, शूटिंगवाला, अमेरिकेहून कॅमेरा घेऊन आलेला मेहुणा, व्हीसीआर, स्वस्तातले कॅप्चर कार्ड आणि सरतेशेवटी दुरुस्तीला बसलेला घरातला संगणकज्ञ भाचा एवढे सगळे येतात. कॅसेट या यादीत असलीच तर अगदी तळाशी सापडते. लुकलुक घालवू पाहणाऱ्याने आधी ती कोणाची हे ठरवले पाहिजे, कारण एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला दिली असता लुकलुक तशीच राहते आणि लग्नाचे मात्र नुकसान होते.

या विषयाच्या अभ्यासासाठी वाळूजइतके योग्य ठिकाण सहसा सापडणार नाही. व्हिडिओ टेपचा मूळ पट्टा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा असतो आणि पॉलिएस्टर फिल्म बनवणारा गरवारे यांचा कारखाना वाळूजमध्येच आहे. टेप ज्यावर पाहिली जाई ते रंगीत टीव्ही बनवणारा व्हिडिओकॉनचा कारखाना शहराच्या दुसऱ्या अंगाला, पैठण रस्त्यावरील चितेगावात होता. आणि टेपवर ज्यांची लग्ने चढली त्या तरुणांना लग्नाच्या बाजारात मानाने उभे करण्याचे कार्य ज्या कारखान्यांनी केले, त्यांतील अग्रणी असलेल्या बजाज ऑटोच्या वाळूज प्रकल्पाचे उद्घाटन नोव्हेंबर 1985 मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. बीड, जालना, परभणी, बुलढाणा आणि जळगावकडून आलेली मुले बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी आणि वडगाव कोल्हाटी येथील खोल्यांत राहू लागली, काही वर्षांनी ‘मुलगा कंपनीत परमनंट आहे’ हे वाक्य बायोडाटात आले आणि त्यानंतरचे सर्व शूटिंगवाल्याच्या हाती गेले. तेव्हाच्या औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झाले, खोल्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, परंतु शोकेसमध्ये काचेमागे उभी असलेली कॅसेट, तिच्या कण्यावर निळ्या शाईने लिहिलेली लग्नाची तारीख आणि ‘ही कोणाला द्यायची नाही’ हा गृहिणीचा आदेश या तिन्ही गोष्टी अजून कायम आहेत.

ही कॅसेट म्हणजे जपानच्या जेव्हीसी कंपनीने 1976 मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीची असून तिच्यातील टेप अर्ध्या इंचाची असते, आणि आपल्याकडे सर्रास वापरल्या गेलेल्या कॅसेटीत तीन तासांचे चित्रीकरण मावते. या तीन तासांचा लग्नाच्या स्वरूपावर खोल परिणाम झाला. विधी कितीही आटोपशीर असला तरी पैसे पूर्ण कॅसेटीचे दिलेले असल्याने ती भरणे हे शूटिंगवाल्याचे कर्तव्य ठरले, आणि त्यामुळे जेवणाच्या पंगती इतक्या तपशिलाने टिपल्या गेल्या की कोणत्या मामांनी जिलेबीला किती वेळा नको म्हणून किती वेळा घेतली याचा पुरावा आजही उपलब्ध आहे. शूटिंगवाल्याचा अधिकार गुरुजींपेक्षा वरचा होता. त्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलून होईपर्यंत शेवटचे ‘सावधान’ थांबून राही, आणि मुहूर्ताची घटिका टळली तरी चालेल पण हार घालताना हात कॅमेऱ्याच्या आड येता कामा नये, यावर दोन्ही पक्षांचे एकमत असे. त्याच्यासोबत हॅलोजनचा दिवा उंच धरून चालणारा एक पोरसवदा मदतनीस असे. या मदतनिसाचे लक्ष जिकडे जाई तिकडे लग्नातला उजेड जात असल्याने लुकलुकीच्या इतिहासात त्याचाही वाटा मोठा आहे, परंतु तो आनुषंगिक आरोपी असल्यामुळे त्याला येथे माफीचा साक्षीदार करून पुढे जाणे इष्ट.

पहिला मुख्य आरोपी म्हणजे उजेड स्वतः. ट्यूबलाइटची पट्टी अखंड पेटलेली दिसत असली तरी ती अखंड पेटलेली नसते. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शून्यावर येतो, आणि त्यामुळे लोखंडी चोकवर चालणारी पट्टी सेकंदाला 100 वेळा प्रखर आणि 100 वेळा मंद होते. डोळ्याला हे कळत नाही, पण वाळूजच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्या माणसाला ते ठाऊक असते. एकाच फेजवरच्या पट्ट्यांखाली फिरणारे लेथचे चक विशिष्ट वेगाला थांबल्याचा भास होतो, आणि थांबले म्हणून कोणी हात लावला तर बोटे जाण्याची भीती असते. म्हणूनच जाणता वायरमन शेजारशेजारच्या पट्ट्या वेगवेगळ्या फेजवर टाकतो, म्हणजे एक पट्टी मंद असताना दुसरी प्रखर राहते. हीच दक्षता त्या काळच्या मंगल कार्यालयांत घेतली गेली असती तर निम्मा प्रश्न जागच्या जागी सुटला असता. परंतु मंगल कार्यालयात फिरणारे यंत्र नसते, फक्त नातेवाईक असतात, आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी तीन फेजचा खर्च करावा असे कोणाला वाटले नाही.

आता कॅमेऱ्याकडे पाहू. आपल्याकडे रूढ असलेल्या पाल या दूरदर्शन पद्धतीत चित्र 625 रेषांचे असते आणि सेकंदाला 25 पूर्ण चित्रे दाखवली जातात. प्रत्येक पूर्ण चित्र दोन अर्धचित्रांचे बनते, एकात विषम रेषा आणि दुसऱ्यात सम रेषा, आणि अशा अर्धचित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे कॅमेरा सेकंदाला 50 फील्ड टिपतो. विजेची आवर्तने 50 आणि फील्डही 50 हा योगायोग नाही. विजेशी भांडण नको म्हणूनच युरोपात ही संख्या ठरवली गेली. प्रत्येक फील्डच्या वाट्याला ट्यूबलाइटच्या बरोबर दोन झळा येतात, सर्वांना सारखा उजेड मिळतो आणि कोणाची तक्रार राहत नाही.

ही व्यवस्था वीज 50 ला पक्की असेल तोवरच चालते, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्याकडे वीज 50 ला पक्की नसे. मागणी जास्त आणि निर्मिती कमी झाली की संपूर्ण जाळ्यातली जनित्रे किंचित मंदावतात आणि आवर्तने 50 च्या खाली येतात. रात्री मागणी ओसरली की ती वर जातात. भारतीय ग्रिडमध्ये हा झोका 48 पासून 52 पर्यंत जात असे, आणि ग्रिडमधील बेशिस्तीला दर आकारणारी पद्धत पश्चिम विभागात जुलै 2002 पासून लागू झाल्यानंतर तो आटोक्यात आला. समजा, गोरज मुहूर्तावर आवर्तने 49.2 होती, तर पट्टीच्या झळा सेकंदाला 98.4 झाल्या, कॅमेऱ्याला मात्र 100 अपेक्षित होत्या, हा 1.6 चा फरक चित्रात सेकंदाला 1.6 लाटांच्या रूपाने उतरतो, म्हणजे दर पाच सेकंदांत नवरा-नवरी आठ वेळा उजळतात आणि आठ वेळा मावळतात. नेहमीच्या शटरला प्रत्येक फील्डवर उजेड सेकंदाचा पन्नासावा भाग पडत राहतो, दोन झळा जवळपास पूर्ण मावतात आणि लाट सौम्य राहते. पण शटरचा वेग वाढवण्याचे एक बटण बऱ्याच कॅमेऱ्यांवर असे, आणि ज्या बटणाचा उपयोग माहीत नाही ते दाबून पाहण्याची आपली परंपरा जुनी असल्यामुळे अनेक मंगलाष्टके धावत्या घोड्यांसाठी राखलेल्या शटरवर टिपली गेली आहेत.

या हिशेबाचा एक उपयोग सहसा कोणी करत नाही. लुकलुकीच्या सेकंदाला येणाऱ्या लाटा मोजून त्यांना दोनने भागले की त्या क्षणी वीज 50 पासून किती ढळली होती ते कळते, आणि संध्याकाळच्या लग्नात ती वर ढळली की खाली हे विचारण्याची गरज नसते. न्यायवैद्यक शास्त्रात विजेच्या याच चढउतारांवरून ध्वनिमुद्रण केव्हाचे आहे हे ताडण्याची पद्धत आहे, मात्र त्यासाठी ग्रिडच्या त्या वेळच्या नोंदी हाती असाव्या लागतात. तेव्हा ‘मुहूर्त साधला होता की टळला होता’ हा व्याही मंडळींतला प्रलंबित वाद तत्त्वतः सुटण्याजोगा आहे; तो सुटलेला दोन्ही बाजूंना हवा आहे का, हा वेगळा प्रश्न.

आवर्तनांबरोबर व्होल्टेजही हलते, आणि पिवळ्या बल्बच्या बाबतीत ते फार जाणवते, कारण व्होल्टेज दहा टक्के उतरले तर बल्बचा उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्के उतरतो. वीज अगदीच गेली तर मांडवाबाहेरचा जनरेटर सुरू होई, आणि येथे एक लक्षणीय साम्य नोंदवण्यासारखे आहे. चार ध्रुवांचा जनरेटर 50 आवर्तनांची वीज देण्यासाठी मिनिटाला 1500 फेरे घेतो, आणि पाल पद्धतीच्या व्हीएचएस यंत्रातील चित्र लिहिणारे डोकेही मिनिटाला बरोबर 1500 फेरेच घेते. फरक इतकाच की दुसऱ्याचे फेरे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने काटेकोर राखले जातात, तर पहिल्याचे फेरे गव्हर्नर, डिझेल आणि जनरेटरवाला जेवायला बसला आहे की नाही या तीन घटकांवर अवलंबून असतात. स्पीकरवर वरातीचे गाणे मोठ्याने लागले की जनरेटर दबतो, दिवे दबतात आणि पडद्यावर संपूर्ण वऱ्हाड एकदम खिन्न झाल्यासारखे दिसते.

परदेशस्थ नातेवाइकांचे योगदान स्वतंत्र विचारास पात्र आहे. अमेरिकेत वीज 60 आवर्तनांची आणि तेथील एनटीएससी पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला जवळपास 60 फील्ड टिपणारा. असा कॅमेरा मेहुण्याने मोठ्या हौसेने आणून आपल्या ट्यूबलाइटखाली चालवला की तीन फील्डच्या वाट्याला पाच झळा येतात. पाचची तिघांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून प्रत्येक तीन फील्डमध्ये कोणाला अधिक आणि कोणाला उणे उजेड मिळतो आणि चित्र सेकंदाला सुमारे वीस वेळा थरथरते. वीज मंडळाने त्या दिवशी निर्दोष वीज दिली असती तरीही ही थरथर चुकली नसती. गावच्या शूटिंगवाल्याचे चित्र संथ लाटांनी हलते आणि मेहुण्याचे चित्र ताप आल्यासारखे कापते, एवढ्या लक्षणावरून जाणकाराला कॅसेट कोणाची हे लेबल न वाचता सांगता येते.

दुसरा आरोपी कॅमेऱ्यातील आयरिस, म्हणजे भिंगाआड उजेडाप्रमाणे आपोआप लहानमोठे होणारे छिद्र. या छिद्राला समोर लग्न आहे हे कळत नाही. चौकटीत एकूण उजेड किती एवढेच ते पाहते. मराठवाड्यातील लग्नात पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेली वडीलधारी मंडळी एका ओळीने वधूवरांसमोरून अक्षता टाकत जातात, तेव्हा चौकट पांढऱ्या रंगाने भरते, आयरिस घाबरून मिटते आणि मागे उभी असलेली नवरी अंधारात जाते. मंडळी पुढे सरकली की आयरिस सावकाश उघडते, नवरी पुन्हा उगवते, तेवढ्यात सरपंच येतात. ही लुकलुक सेकंदांच्या नव्हे, पाहुण्यांच्या गतीने चालते आणि तिच्या आलेखावरून कोणत्या घराण्यात धोतर किती पिढ्या टिकले याचाही अंदाज बांधता येतो.

तिसरा आरोपी व्हीसीआर. त्याच्या फिरत्या डोक्यावर दोन सूक्ष्म हेड समोरासमोर बसवलेले असतात आणि एक हेड विषम फील्ड वाचतो, तर दुसरा सम. दोहोंपैकी एक झिजला किंवा त्यावर टेपची भुकटी बसली की एक फील्ड स्वच्छ आणि पुढचे कणकण उडालेले अशी आळीपाळी सुरू होते आणि चित्र सेकंदाला 25 वेळा फडफडते. येथे मेकॅनिकला फार तर्क लढवावा लागत नाही. दुसऱ्या व्हीसीआरवर कॅसेट लावली आणि फडफड गेली, तर दोष यंत्राचा. हेड पुसण्यासाठी आपल्याकडे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदापासून ते अंगातल्या बनियनपर्यंत अनेक साधने वापरली गेली, परंतु शास्त्रशुद्ध रीत अशी की आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, धागे न सुटणारे मऊ चामडे स्थिर धरून डोके हाताने हळू फिरवावे आणि वरखाली कधीही घासू नये, कारण तसे केल्याने हेडचा टवका उडतो आणि मग लुकलुकीचा प्रश्न कायमचा सुटतो, चित्रासकट. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट चालत्या व्हीसीआरमध्ये घालू नये. ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटीला प्रसादासारखी वाटली जाते.

टेपचा पॉलिएस्टर पट्टा या सगळ्या धामधुमीत बहुधा शाबूत असतो. थकतो तो त्यावर चुंबकीय कण चिकटवून ठेवणारा लेप. त्यातही व्हीएचएसमध्ये उजेडाची नोंद लहरींच्या वारंवारतेत केलेली असल्याने सिग्नल थोडा अशक्त झाला म्हणून चित्र लगेच काळे पडत नाही, त्यात ठिपके आणि रेघा येतात. सारांश, जी लुकलुक पाहून कॅसेटीला दोष दिला जातो ती करण्याची कॅसेटीची फारशी ऐपतच नसते. कॅसेटीवर आधी सिनेमा होता म्हणून असे होते, हे काही घरांतील निदानही टिकत नाही, कारण नवे चित्रीकरण जुने पुसूनच पुढे जाते. आधीच्या सिनेमाचा एकमेव परिणाम म्हणजे वरात दारात आल्यावर माप ओलांडताना चित्र तुटते आणि गोदामात चाललेली मारामारी सुरू होते, जी घरातील लहान मुलांना लग्नापेक्षा अधिक आवडते.

चौथा आरोपी कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरमधून येणारा सिग्नल आकड्यांत बदलून संगणकाला देणारे उपकरण. त्यात ऑटोमॅटिक गेन कंट्रोल नावाची, सिग्नलचा जोर आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था असते. चौकटीत अतिशुभ्र काही आले, उदाहरणार्थ शूटिंगवाल्याने गुलाबाच्या फुलात घातलेले पांढऱ्या अक्षरांतले ‘शुभविवाह’, की हे कार्ड संपूर्ण चित्राचा जोर उतरवते आणि अक्षरे गेली की पुन्हा चढवते. लग्नात एकदाही न झालेली लुकलुक अशा रीतीने तीस वर्षांनी, संगणकाच्या टेबलावर, नव्याने तयार होते. याहून गमतीचा प्रकार नकलबंदीचा आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सिनेमांच्या कॅसेटींत मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती वापरली जाऊ लागली. पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांत खोटे तीव्र स्पंद घालून ती नक्कल करणाऱ्या यंत्राच्या याच व्यवस्थेला चकवत असे, जेणेकरून नक्कल उजळत आणि काळवंडत राहावी. घरच्या लग्नावर कोणी नकलबंदी घातलेली नसते, परंतु झिजलेल्या टेपच्या त्या अदृश्य रेषांतला गोंगाट काही कार्डांना नकलबंदीसारखा वाटतो आणि ती बजाजनगरातील लग्नाला हॉलिवूडचा चित्रपट समजून त्याचे संरक्षण करू लागतात. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. कार्डातील ही आपोआप व्यवस्था बंद करता येत असेल तर ती बंद करावी, नाहीतर कार्ड बदलावे. टाइम बेस करेक्टर हे महागडे यंत्र अनेक जण याच कामासाठी सुचवतात, पण त्याचे मुख्य काम रेषांची वेळ सरळ करणे हे आहे. वाकडे दिसणारे दाराचे खांब ते सरळ करील, खिन्न वऱ्हाडाला हसवणार नाही.

कॅप्चर कार्डही नको म्हणून टीव्हीवर कॅसेट लावून समोरून मोबाइलने शूटिंग करण्याची पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे. जुन्या काचेच्या टीव्हीचे चित्र सेकंदाला 50 वेळा नव्याने रंगवले जाते, मोबाइल सेकंदाला बहुधा 30 चित्रे आणि तीही एकेक रेष वाचत घेतो, त्यामुळे चित्रावरून काळे पट्टे सरकू लागतात. शिवाय काचेत शूटिंग करणाऱ्याचे प्रतिबिंब पडत असल्याने आईवडिलांच्या सप्तपदीत मुलगा बनियनवर उपस्थित असल्याचा चमत्कारिक दस्तऐवज तयार होतो. अशा फाइलवर पुढे कोणतेही उपचार करू नयेत.

एवढ्या तपासानंतर सॉफ्टवेअरकडे वळता येते. व्हर्च्युअलडब, एव्हीसिंथ आणि एफएफएमपेग या मोफत साधनांसाठी लुकलुक घालवणारे फिल्टर उपलब्ध आहेत आणि त्यांचे मूळ तत्त्व चाळीतल्या शेजारधर्मासारखे आहे: प्रत्येक चित्र आपला सरासरी उजेड मोजते, अलीकडच्या आणि पलीकडच्या काही चित्रांच्या घरी किती दिवे लागले आहेत ते डोकावून पाहते आणि फार फरक दिसला तर आपली वात त्यांच्याइतकी करते. हा समंजसपणा बहुतेक वेळा उपयोगी पडतो, पण त्याला हेतू कळत नाही. मंगळसूत्र बांधताना फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो, एकच चित्र पांढरे होते, आणि फिल्टर त्याला दोष समजून शेजाऱ्यांच्या पातळीला आणतो. परिणामी ज्या क्षणी सर्वांत जास्त फोटो निघाले तोच क्षण सर्वांत मळकट दिसतो. फ्लॅशने जळालेल्या पांढऱ्या भागात तपशील शिल्लकच नसतो, म्हणून तो कितीही खाली आणला तरी पांढऱ्याचा राखाडी होतो, शालूची जर परत येत नाही.

गणपतीच्या कॅसेटीत तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर जातो. त्या काळी बल्बच्या माळेला ट्यूबलाइटचा स्टार्टर जोडून ती उघडझाप करायला लावण्याची कला गल्लोगल्ली अवगत होती, आणि ज्याची आरास जास्त लुकलुके त्याला मंडळाचे बक्षीस मिळे. ज्या लुकलुकीसाठी बापाने रात्रभर जागून माळा जोडल्या ती घालवण्यासाठी मुलगा रात्रभर जागून संगणक चालवतो, आणि सकाळी दोघांनाही चहा एकाच माउलीला करून द्यावा लागतो. अशा ठिकाणी फिल्टर बंद ठेवणे हाच उपचार होय.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा आहे. ट्यूबलाइटची लुकलुक चित्रागणिक नव्हे, फील्डगणिक बदलते, म्हणून आधी फील्ड वेगळे करावेत आणि मग उजेड सारखा करावा. दोन फील्ड एकत्र विणून नंतर फिल्टर लावला तर सरासरी जुळते आणि रेषारेषांतला फरक मात्र तसाच राहतो. कणकण घालवणारा फिल्टर लुकलुक गेल्यावर लावावा, कारण तोही शेजारच्या चित्रांशी तुलना करूनच काम करतो आणि उजेड हलता असेल तर त्याला भिंतसुद्धा चालताना दिसते. जिथे प्रसंग बदलतो तिथे फिल्टर नव्याने सुरू करावा, नाहीतर हॉलमधला अंधार अंगणातल्या उन्हात मिसळतो. मोजणीची खिडकी, म्हणजे किती शेजारी विचारात घ्यायचे ती संख्या, मेहुण्याच्या थरथरीसाठी लहान आणि विजेच्या संथ लाटांसाठी मोठी ठेवावी. आयरिसच्या झोक्यासाठी मात्र फिल्टरवर विसंबून न राहता त्या त्या प्रसंगाचा उजेड हाताने चढवावा, कारण तिथे प्रश्न मागच्या-पुढच्या चित्रांचा नसून धोतरांचा असतो.

एवढे करून सिद्ध झालेली फाइल घरच्यांना दाखवली जाते, तेव्हा अभ्यासकाच्या पदरी जे पडते तेही नोंदवले पाहिजे. लुकलुक गेली हे कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण ती आहे हेच मुळात भाच्याखेरीज कोणाला खटकले नव्हते. आत्या पाहतात ती आपली जांभळी पैठणी, जी ‘तेव्हा कोणी पाहिलीच नाही’. काका पाहतात ते आपले केस. व्याही पाहतात ते मानपानाच्या वेळी कोणाला फेटा आधी बांधला गेला. उजेड सारखा झाल्याने एवढेच घडते की इतकी वर्षे अंधाराचा फायदा घेत कोपऱ्यात चाललेला जिलेबीचा चौथा फेरा आता स्वच्छ दिसू लागतो.

निकाल असा की कॅसेट बहुतांशी निर्दोष आहे आणि तिची सुटका करण्यास फार वेळ उरलेला नाही. युनेस्कोने 2019 मध्येच चुंबकीय टेपविषयी जगाला सावध केले आहे, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई हिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले, म्हणून माळ्यावरचा चालू व्हीसीआर भंगारवाल्याला देऊ नये. कॅसेट एकदाच, स्वच्छ हेडवर आणि न दाबता उतरवून घ्यावी; पाल चित्राला तासाला सुमारे 75 जीबी जागा लागते, दर्जा न घटवता आकुंचित केल्यास त्याहून बरीच कमी, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हा खर्च लग्नातल्या एका पंगतीइतकाही नाही. दुरुस्त केलेली प्रत नातेवाइकांना वाटावी, न दुरुस्त केलेली जपून ठेवावी, कारण उद्याचे फिल्टर आजच्यापेक्षा शहाणे असतील. आणि पेनड्राइव्हवर ‘लग्न फायनल’ नावाच्या ज्या पाच फायली आहेत, त्यांतली खरी कोणती हे वाचकांनी आजच लिहून ठेवावे.